घरफोड्याच्या घराचा विमा

ब्रिटनमध्ये तुरुंगातून सुटलेल्या माणसाला सगळे बजावतात, आता सरळ मार्गाने चाल. चालत असला तर ठीक; गाडी घेतली की पंचाईत. गाडीचा विमा तिथे सक्तीचा, आणि अर्जात पूर्वीच्या गुन्ह्यांची चौकशी. खरं लिहावं तर हप्ता फुगतो किंवा सरळ नकार येतो; खोटं लिहावं तर ऐन वेळी दावा बुडण्याची भीती. विम्याविना गाडी काढली, तर तो नवाच गुन्हा: ३०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ पॉइंट. म्हणजे पुढचा विमा आणखी महाग!

घराच्या विम्यात तर घरातल्या सगळ्यांचीच चौकशी होते. पोराने दुकानातून काही लांबवलं, की आईच्या टीव्हीची जोखीम वाढते. १९७४च्या कायद्याने मुदत संपलेला गुन्हा विमा कंपनीला न सांगण्याची मुभा दिली आहे; इंग्लंड-वेल्समध्ये प्रौढाचा नुसता दंड वर्षभरात पुसला जातो. मोठ्या शिक्षेवाल्यांनी तोवर पायी फिरावं, तब्येतही सुधारते.

खरं तर सुधारलेल्या घरफोड्याला कंपन्यांनी सवलतच द्यायला हवी. कुठलं कुलूप किती मिनिटांत उघडतं, हे त्यांच्या तपासनिसाला तरी कुठे ठाऊक असतं?