विरजणापुरतं

पहाटे उठून लिहिणाऱ्या लेखकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मी त्यांच्यातलीच एक आहे, म्हणून अधिकाराने सांगते. ‘मी आपली साडेचारला उठते हो,’ हे वाक्य आम्ही कडक उपासाच्या सुरात म्हणतो आणि समोरच्याने ‘अरे वा’ म्हणेपर्यंत थांबतो. खरं कारण एवढंच की साडेचारला दाराची बेल वाजत नाही.

सात वाजले की आमची बेल सगळ्या जिन्याची होते. दुसऱ्या मजल्यावरच्या पोराची पुस्तकं, समोरच्या वहिनींचा मिक्सर, वरच्या आजींचा गुडघ्याचा पट्टा, सगळं माझ्याकडे येतं. ‘काकू, तुम्ही घरीच असता ना?’ असं विचारलं की घरात बसून कादंबरी लिहिणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही. चौदा वर्षांत माझ्या पाच कादंबऱ्या आल्या. पार्सलं किती घेतली याची मोजदाद नाही, पण सोसायटीत माझं नाव आहे ते त्यांच्यामुळेच.

तर साडेचारला उठायचं आणि चहा करायचा. जेवणाच्या टेबलावरच्या लोणच्याच्या बरण्या एका कडेला सारून कालची पानं वाचायची. काल ती बरी वाटली होती. मग दुसरा चहा. तिथून पुढे सातपर्यंत जे होईल ते लेखन. सातला कुकर चढतो, आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला उठलेली मी परत बसत नाही. पहिली शिट्टी झाली की मात्र मला विलक्षण वेगाने सुचू लागतं. माझे बरेचसे संवाद पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधले आहेत. एका परीक्षणात त्यांना ‘तुटक, आधुनिक शैली’ म्हटलं होतं. मी काही बोलले नाही.

या टेबलावर मला धाक असतो तो अँथनी ट्रोलपचा. हा गेल्याच्या मागच्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात वरच्या हुद्द्यावर होता. १८५२ मध्ये जर्सी बेटावर रस्त्याकडेला टपालपेट्या उभ्या राहिल्या, त्या याच्याच सूचनेवरून. वॉल्थम क्रॉसच्या घरी तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसलेला असे. त्याला उठवून कॉफी द्यायला एक म्हातारा मोतद्दार होता, आणि या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जास्तीचे मिळत. इतक्या वर्षांत तो एकदाही उशिरा आला नाही, असं ट्रोलपने लिहून ठेवलंय. हा मजकूर मी नवऱ्याला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. ‘पाच पौंड म्हणजे आत्ताचे किती?’ एवढंच त्याने विचारलं आणि कूस बदलली.

पहिला अर्धा तास ट्रोलप आदल्या दिवशीचं वाचे. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. कामानिमित्त सारखा आगगाडीत असे, तेव्हा मांडीवर फळी घेऊन पेन्सिलीने लिही आणि बायको ते शाईने उतरून काढी. (या बाईंबद्दल मला एकदा सवडीने विचार करायचाय.) अशा ४७ कादंबऱ्या त्याने लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र छापलं गेलं आणि हा सगळा हिशेब उघड झाला. लेखकाला आतून झरा फुटतो अशा समजुतीत असलेल्यांना एकदम शिवणयंत्राचा आवाज ऐकू आला. काही लोकांनी त्याला त्याबद्दल माफ केलं नाही.

आळसाच्या दिवशी मी ट्रोलपला पालथा घालते आणि घरच्या मंडळींकडे वळते. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात दिवसाचं काम सांभाळून ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग चार-पाच दिवसांत लिहिला. उलट भालचंद्र नेमाड्यांची ‘झूल’ आली १९७९ मध्ये आणि तिच्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ आली २०१० मध्ये. पाच दिवस आणि ३१ वर्षं. या दोन टोकांच्या मध्ये पडून राहायला जागा भरपूर आहे, असं म्हणून मी पुन्हा पांघरूण घेते.

कादंबरी सुरू करण्याची लोकांना भीती वाटते म्हणतात. मला नाही वाटत. तेव्हा मी लग्न ठरलेल्या घरातल्या मामीसारखी असते. अप्पा बळवंत चौकातून आखीव कागदांचे दस्ते आणते, रिफिलींची जुडी आणते. नावं ठरवण्यात आठवडा जातो. माणसंही त्या दिवसांत गुणी असतात, कारण त्यांनी अजून काहीच केलेलं नसतं. पान साठच्या आसपास ती खरं बोलायला लागतात आणि सगळं बिनसतं.

तिथे हेमिंग्वेचा एक सल्ला उपयोगी पडतो. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच दिवसाचं लेखन थांबवावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी अडत नाही. माझ्या सासूबाईंना हे हेमिंग्वे न वाचता माहीत होतं. दही कितीही चांगलं लागलेलं असो, त्या भांडं पुसून घेऊ देत नसत. ‘विरजणापुरतं ठेव गं,’ म्हणायच्या. म्हणून मी वाक्य अर्ध्यात सोडते. ‘आत्याबाई उंबऱ्याशी आल्या आणि’ एवढं लिहून उठते. दिवसभर आत्याबाई उंबऱ्याशी ताटकळत राहतात. मी भाजी निवडते, ओटीपी सांगते, पार्सलं घेते. पहाटे बसले की त्या तडक आत येतात आणि बोलायला लागतात.

शेवटच्या दिवशी मात्र भांडं पुसावंच लागतं.

तेव्हा काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. आनंद होतो असं मुलाखतीत सांगते. घरात मात्र ते वेगळ्याच गोष्टीवरून कळतं. मी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढते आणि चिंच भिजत घालते. कामाच्या मावशी घासायला पुढे झाल्या तर त्यांनाही हात लावू देत नाही. ‘संपली वाटतं,’ नवरा समईकडे बघत म्हणतो. दुसऱ्या दिवशी साडेचारला जाग येतेच. चहा होतो, बरण्या सरकतात, आणि वाचायला कालचं काही नसतं. माणसं दोन वर्षं सांभाळायची आणि एका सकाळी त्यांना काहीही करायचं उरू द्यायचं नाही, हा काय धंदा आहे? ट्रोलप अशा वेळी काय करी? इजिप्तमध्ये टपालाच्या कराराच्या कामाला गेला असताना त्याने एका दिवशी ‘डॉक्टर थॉर्न’ संपवली आणि दुसऱ्या दिवशी पुढची सुरू केली. हे वाचून मी समई आणखी जोरात घासते.

पण त्याचं तरी सगळं घड्याळाप्रमाणे होतं असं नाही. लंडनच्या अथेनियम क्लबात तो एकदा लिहीत बसला होता. जवळच दोन पाद्री त्याच्याच कादंबऱ्यांना नावं ठेवत होते. तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या बिशपच्या बायकोचा, मिसेस प्राउडीचा, तर वीट आला, असं त्यांचं म्हणणं. ट्रोलप उठला, तो लेखक मीच असं सांगितलं, आठवड्याच्या आत तिला मारण्याचं कबूल केलं आणि घरी जाऊन खरंच मारलं. पुढे त्याला त्याचा फार पस्तावा झाला. तिच्या भुताच्या सोबतीनेच राहतो अशा अर्थाचं काहीतरी त्याने लिहिलंय. हे पान मी दुमडून ठेवलंय.

कारण या खेपेला मीही आत्याबाईंना मारलं. कोणी सांगितलं नव्हतं. पान १४० वर, श्रावणात, झोपेत.

हस्तलिखित पहिल्यांदा नवरा वाचतो. तो बँकेत ऑडिटला होता आणि निवृत्तीनंतर त्याची लाल पेन्सिल माझ्या वाट्याला आली आहे. परवा संध्याकाळी मी घंगाळ चिंचेत घातलं होतं आणि तो आतून बाहेर आला.

‘आत्याबाई १४० वर गेल्या ना?’

‘गेल्या की.’

‘मग २१२ वर वाटली डाळ कोण खातंय?’

ओले हात पदराला पुसून मी पान घेतलं. पुढल्या वर्षीचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं आणि तक्क्याला टेकून आत्याबाई डाळ खात होत्या. वर मीठ कमी झालंय म्हणून सांगत होत्या.

‘दोन ओळी खोडल्या की मिटलं,’ तो पेन्सिल पुढे करत म्हणाला.

‘दोन ओळींत कसं मिटेल? महिना तरी जाईल,’ मी म्हटलं, आणि गजर लावायला आत गेले. घंगाळ अजून चिंचेतच आहे.