गाडी कोणाची, तू कोणाचा?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वही असते. तिच्यात चोर सोडून सगळ्यांच्या सह्या आहेत. माझी गाडी यवतमाळ पासिंगची, एमएच 29. ती दिसली की वॉचमनकाका हात आडवा घालतात.

"कोणाकडं आलात?"

"घरी. इथंच राहतो मी."

"राहत असाल. पण गाडी बाहेरची आहे."

मग 'कोणाकडे' या रकान्यात मी माझंच नाव लिहितो. तेवढ्यात मागून एमएच 12 ची एखादी गाडी हॉर्न देते. काका धावत जाऊन दांडा वर करतात आणि वर सलामही ठोकतात. अशाच एका पहाटे शेजाऱ्यांची गाडी सलाम घेऊन निघून गेली. आत शेजारी नव्हते.

कॅमेऱ्यात एक टोपी दिसली. टोपीखाली कोण होतं ते कॅमेऱ्याला ठाऊक नाही. पोलिसांनी पूर्वीच्या 379 ऐवजी भारतीय न्याय संहितेचं 303 कलम लावलं. विमा कंपनीनं दोन्ही किल्ल्या मागितल्या. शेजाऱ्यांची दुसरी किल्ली घर बदलताना हरवलेली, त्यामुळे चोर राहिला बाजूला आणि तेच संशयित झाले. सोसायटीची तातडीची सभा भरली. पहिलाच विषय होता, रिकामी झालेली जागा आता कोणाला द्यायची. इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग सामाईक असतं, बिल्डरला ते स्वतंत्र विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्येच सांगून ठेवलंय. पण आमच्याकडे प्रत्येक खांबावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. मधल्या काळात सरकारनं 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायला सांगितली. ती सहजासहजी निघत नाही. त्यामुळे आता पाटी सुरक्षित आहे, तिच्या मागच्या गाडीची खात्री देता येत नाही.

आणि हे आमच्यासारख्यांचंच नशीब आहे असंही नाही. 1 ऑगस्ट 1998 च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्यानं आपली मारुती झेन हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली. दुसऱ्याच एकानं आपली गाडी मागायला येऊन झेनची किल्ली उचलली आणि पहारेकऱ्यादेखत गाडी पळवली. पावतीवर छापलं होतं, जबाबदारी मालकाची. सुप्रीम कोर्टानं 14 नोव्हेंबर 2019 ला सांगितलं की किल्ली हाती घेतली म्हणजे जबाबदारीही घेतली, नुसतं छापून सुटका नाही. निकालाला एकवीस वर्षं लागली. आमच्या गेटवर 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत' ही पाटी अजून आहे. काका किल्लीला हात लावत नाहीत. कायदा कळतो त्यांना.

माझ्या गावी, फुलसावंगीला गेलो की गाडी मोठेबाबांच्या अंगणात, लिंबाखाली लागते. (पुण्यात गावाचं नाव काढलं की लोक विचारतात, "हेलिकॉप्टरवालं का?" हो, तेच. ऑगस्ट 2021 मध्ये आमच्या गावचा एक तरुण वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. त्याच्यावर विनोद होत नाही.) अंगणाला फाटक नाही, कॅमेरा नाही. इंजिन थंड व्हायच्या आत गाडीभोवती माणसं जमतात.

"कितीले पडली?"

"एव्हरेज किती देते?"

"मांगच्या टायमाले हा पोचा नव्हता."

शेवटचं खरं होतं. तो पोचा पुण्यात सोसायटीच्या खांबानं काढला होता आणि तोवर माझ्याही लक्षात आला नव्हता.

एकदा चुलतभाऊ गाडी धुवायला महागावकडं घेऊन गेला. तो पोचायच्या आधी मला फोनावर फोन. "तुही गाडी गेली रे, चालवणारा तू नोयतास." एकानं तर चालवणाऱ्याच्या शर्टाचा रंगही सांगितला. परक्या माणसाला इथं कोणी वहीत सही करायला लावत नाही. "कोणाचा रे तू?" एवढंच विचारतात. मग आजोबांचं नाव, मामाचं गाव, तिकडं कपाशी कशी हाय, हे सगळं निघतं. एवढी उत्तरं देईपर्यंत कुठल्याही चोराचं उजाडेल.

मोठेबाबांचा मात्र गावावर विश्वास नाही. ट्रॅक्टर कोणत्याही किल्लीनं सुरू होतो, म्हणून ते रात्री त्याची बॅटरी काढून खाटेखाली ठेवतात. गेल्या दिवाळीत मी निवांत झोपलो. गाडी जागच्या जागी, वर कोणीतरी पुसूनही ठेवलेली. सकाळी शेतातून निरोप आला की विहिरीवरच्या मोटारीची केबल रातोरात कापून नेली. तांब्याला भाव आहे, आणि गाव सगळं इकडं, अंगणात गाडीपाशी गप्पा हाणत बसलेलं.

मोठेबाबा विहीर पाहून आले. चहा पिऊन झाला तरी काही बोलले नाहीत. मग लिंबाखाली पाहून म्हणाले, "आजपासून हे गाडी विहिरीवर लावत जाय. लोकं तिच्याकडंच पाह्यतेत."