आषाढातील सूर्योपासक

ज्येष्ठ सरत आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील यच्चयावत माणसे आभाळाकडे एकाच आशेने पाहू लागतात. या सर्वमान्य शिष्टाचाराला अपवाद असलेला एक गृहस्थ मात्र अलीकडे या मुलखात हमखास आढळतो. त्याच्या मालकीचा एक छोटा हत्ती असतो. त्या वाहनाच्या टपावर त्याने सोलरच्या दोन प्लेटा बसवून घेतलेल्या असतात. आणि ज्या दिवशी त्या बसल्या त्या दिवसापासून, काळा ढग पाहून उल्हसित होण्याचा जो हक्क अवर्षणप्रवण प्रदेशातील प्रत्येक शेतकऱ्याला जन्मतः प्राप्त होतो, त्यावर त्याने राजीखुशीने पाणी सोडलेले असते.

हा मनुष्य पेशाने सौरतज्ज्ञ नव्हे. बारामतीच्या उत्तरेकडील जिरायती पट्ट्यात त्याची थोडीफार कोरडवाहू जमीन असते, एरवी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कांदा बाजारात पोहोचवतो, आणि तुकोबारायांची पालखी निघाली की आपल्या दिंडीचे सामान वाहण्याची सेवा पत्करतो. दिंडीचे सामान म्हणजे पूर्वी राहुट्या, सतरंज्या, पातेली आणि पिठाची पोती एवढेच असे. आता त्यात माणशी एक मोबाइल फोन ही जंगम मालमत्ता दाखल झाली आहे. मुक्कामाच्या गावी देवळाच्या सभामंडपातील एकुलत्या एका पिनेवर दहा-बारा चार्जर लोंबकळत आहेत आणि त्यांच्या राखणीला प्रत्येकी एक वारकरी हरिपाठ सोडून बसला आहे, हे दृश्य पाहून या गृहस्थाच्या मनात परोपकाराचा उदय झाला, असे तो स्वतः सांगतो. परोपकार आणि यंत्राची हौस या दोहोंपैकी आधी कोण आत शिरले याचा फैसला त्याच्या धर्मपत्नीने केव्हाच दिलेला आहे. पण तो हुकूमनामा त्याने आजवर रुजू करून घेतलेला नाही.

कामाला प्रारंभ वैशाखात होतो. वाहनाचा हौद सात फूट लांब आणि पाच फुटांना काहीसा कमी रुंद. त्यावर लोखंडी कमान, कमानीवर ताडपत्री, आत एका अंगाला फळ्यांचा बाक, बाकाखाली बॅटरी आणि बाकावर निजण्याची सोय, असा नकाशा तो शाळकरी वहीच्या शेवटच्या पानावर काढतो आणि फॅब्रिकेटरच्या पुढ्यात एखाद्या जमीनमोजणीच्या दस्तऐवजाप्रमाणे पसरतो. फॅब्रिकेटरचे मत असे की प्लेटा सरळ कमानीलाच ठोकून टाकाव्यात. याचे म्हणणे असे की प्लेटांखाली चार बोटे मोकळी हवा खेळली पाहिजे, कारण ऊन कडक म्हणून वीज अधिक हा अडाणी समज असून, सिलिकॉनची प्लेट पंचवीस अंशांच्या वर जसजशी तापते तसतशी दर अंशामागे शेकडा सुमारे ०.४ इतकी ढेपाळत जाते. उन्हावर चालणाऱ्या वस्तूला ऊन सोसत नाही, ही गोष्ट फॅब्रिकेटरला पटत नाही; परंतु गिऱ्हाईक अँगलचे पैसे देण्यास तयार असल्याने तो चार बोटे सोडतो.

मग कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ घडणीत मनास येईल तसा फेरफार करण्यास मज्जाव आहे, हे कोणीतरी चहाच्या टपरीवर त्याच्या कानी घालतो. त्यावर त्याची कैफियत तयार असते: प्लेटा वेल्डिंगने जडलेल्या नाहीत, नट-बोल्टने आवळलेल्या आहेत, जी वस्तू पान्याने सुटते ती वाहनाचा अवयव नसून सामान होय, आणि सामान वाहणे हाच या वाहनाचा परवान्यात नमूद केलेला उद्देश आहे. हा युक्तिवाद त्याने कोणत्याही अधिकृत दप्तरासमोर अद्याप मांडलेला नाही. मांडण्याची पाळी येऊ नये, अशी त्याची विठ्ठलचरणी प्रार्थना असते.

बॅटरी घरातल्या इन्व्हर्टरला असते तीच, बारा व्होल्टची, दीडशे एएचची, दोघांनी मिळून उचलावी लागते अशी. तिच्यात हिशेबी अठराशे वॅट-तास मावतात. परंतु शिशाच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक काढले तर तिचे आयुष्य खुंटते, म्हणून उरलेल्या निम्म्यावर तो नजरसुद्धा टाकू देत नाही. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार त्याने वेल्डिंगच्या जाड केबलीतून कापून घेतलेली असते, कारण घरच्या दोनशेतीस व्होल्टांना जे काम अर्ध्या अँपिअरात होते त्यालाच बारा व्होल्टांना दहा अँपिअर ओढावे लागतात आणि बारीक तार त्या ओझ्याने तापून जळते. बॅटरीच्या अधिक टोकाला हातभर अंतराच्या आत फ्यूज असतो, आणि बाकाजवळ बिडी ओढणाऱ्याला सक्त ताकीद असते. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते, ही माहिती तो अशा गांभीर्याने सांगतो की ऐकणारा बिडी विझवून शिवाय दहा पावले दूर जाऊन बसतो.

त्याला प्रश्न विचारणे मात्र जोखमीचे. एखाद्या वृद्धेने, "माऊली, माझा फोन भरला का?" एवढेच विचारावे, तर हा बेकेरेल नावाच्या फ्रेंच तरुणाने १८३९ साली प्रकाशापासून वीज कशी मिळवली येथून आरंभ करतो, १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनची पहिली कामाची प्लेट कशी तयार झाली तेथवर सावकाश येतो, आणि तेथून बारामतीपर्यंत पोहोचायच्या आत वृद्धेचा काकडा सुरू झालेला असतो. फोन भरलेला नसतोच.

घरच्या आघाडीवर त्याची बाजू काहीशी लंगडी आहे. ज्याने गाडीच्या टपावर सूर्य बसवला त्याच्या घराच्या स्लॅबवर नुसती वाळवणे असतात. "आवं, २०२४ पास्नं सरकार तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार देतंय, ते सोडून तुमी टेंपूला प्लेटा लावताय!" असे धर्मपत्नी भर ओसरीवर म्हणते, आणि आकडा बिनचूक असल्याने त्याला उत्तर शोधावे लागते. ते त्याने शोधलेही आहे. घरावरची ती साधी यंत्रणा महावितरणच्या तारेला जोडलेली असते, आणि तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून लाईट गेली की तीही आपोआप बंद पडते. मग माथ्यावर ऊन रणरणत असले तरी घरात अंधार तो अंधारच. त्याची गाडी मात्र कोणाच्या तारेची मिंधी नाही. शास्त्रदृष्ट्या हे उत्तर निर्दोष आहे. धर्मपत्नीने ते ऐकून घेतले आणि विजेचे बिल त्याच्या हातात ठेवले.

त्याच्या स्वभावाचा खरा उत्कर्ष पाहावयाचा तर पालखी उंडवडी गवळ्याचीहून बारामतीकडे वळली की पाहावा. लाखभर पावले दुपारी ज्या एका वस्तूच्या शोधात असतात ती म्हणजे सावली. आणि हा तिचा जन्मजात वैरी. सगळ्या दिंड्यांची वाहने बाभळीखाली, लिंबाखाली, निदान एखाद्या मंगल कार्यालयाच्या भिंतीच्या आडोशाला लागलेली असतात, आणि याचा छोटा हत्ती उघड्या माळावर एकटा तळपत उभा असतो. थकलेले वारकरी सामान घ्यायला येतात ते चरफडतच. "आवं, गाडी जरा सावलीला घ्या की, पाय भाजत्यात." यावर तो शांतपणे म्हणतो, "माऊली, पाय भाजू द्या. फोन चालू ऱ्हायचा आसंल तर." २०२१ च्या नोव्हेंबरात ज्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली त्या पालखी मार्गावरील जुनी झाडे गेली, याचे दुःख सर्वांना आहे आणि मलाही आहे, त्यालाही आहे असे तो म्हणतो, परंतु म्हणताना त्याची नजर ज्या समाधानाने त्या बोडक्या रस्त्यावरून फिरते ते मला आवडत नाही.

आणि मग पताकेचा तंटा उद्भवतो. बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असा इंदापूरपर्यंतचा रस्ता साधारणतः पूर्वेकडे जातो. केबिनच्या डोक्यावर दिंडीची भगवी पताका बांधलेली. सकाळचा सूर्य समोर. साहजिकच पताकेची सावली मागे, थेट प्लेटांवर. ओंजळभर सावलीने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. परंतु प्लेटेतील घरे एकापुढे एक जोडलेली असतात, आणि एका घरावर सावली पडली की साऱ्या रांगेची वीज अडते. त्याने विणेकऱ्यांना समजावले, "ओळीतला एक माऊली पायात काटा भरून थांबला, तर मागचे समदे थांबत्यात ना? तसंच हाय हे." विणेकऱ्यांनी विचारले, "म्हणजे भगव्याची सावली काटा?" या प्रश्नानंतर राहुटीत जी शांतता पसरली तिच्यात नुसता इन्व्हर्टरचा पंखा ऐकू येत होता.

पताका मागे बांधावी, तर दुपारनंतर सूर्य मागे जाणार आणि सावली पुन्हा पुढे सरकून प्लेटांवरच येणार. अखेर त्याने रात्रभर विचार करून जी तोड काढली तिच्याबद्दल त्याच्या सर्व अपराधांची मी क्षमा करतो. बारामती साधारण अठरा अक्षांशांवर; आषाढात सूर्य त्याहून उत्तरेला गेलेला असतो; म्हणजे या दिवसांत मध्यान्हीचा सूर्यसुद्धा आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेकडे असतो आणि सावली दिवसभर दक्षिणेकडेच कलते. गाडीचे तोंड पूर्वेला ठेवले तर दक्षिण म्हणजे उजवी बाजू. पताका उजव्या कडेला बांधली तर तिची सावली प्लेटांना शिवणार नाही. विणेकऱ्यांना यातील अक्षांश वगैरे कळले नाहीत. पण भगव्याला उजवीकडचा मान मिळतो आहे एवढे त्यांना पुरे झाले. तेव्हापासून कोणत्याही मुक्कामी, जागा कशीही असो, हे वाहन पूर्वाभिमुखच उभे राहते, आणि त्यापायी दोन वेळा इतर दिंड्यांचा रस्ता अडल्याची फिर्याद झालेली आहे.

विजेच्या वाटपात तर त्याने एका वेगळ्याच परंपरेचे पुनरुज्जीवन केले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने काढलेला नीरा डावा कालवा बारामतीच्या दक्षिण अंगाने इंदापूरकडे जातो. त्याच्या कृपेने एका बाजूला ऊस, आणि तो ज्यांच्यापर्यंत चढू शकला नाही त्या उत्तरेच्या अंगाला जिराईत. याची जमीन या दुसऱ्या अंगाची. आवर्तन, चारी, पाळी हे शब्द त्याने आयुष्यभर पाहुण्यांच्या तोंडून ऐकले. त्याच्या बांधावर पाटकरी कधी फिरकला नाही. आता तोच पाटकरी झाला आहे. फोन घेताना तो पाणीअर्ज घेतल्याच्या ऐटीत वहीत नोंद करतो, फोनवर चिकटपट्टीने नाव लावतो, आणि शेजपाळीच्या नियमाने टेलकडून हेडकडे जातो, म्हणजे ज्याची बॅटरी सर्वांत खाली त्याला अग्रक्रम. एका फोनाला पुरा भरायला तुटीसकट सुमारे पंचवीस वॅट-तास लागतात. स्वच्छ उन्हात त्याच्या दोन प्लेटा मिळून हजाराच्या आसपास देतात. म्हणजे चाळीस फोन. ढगाळ दिवशी हाच आकडा दहा-बारावर येतो आणि वहीतील उरलेल्या नावांपुढे "पुढील आवर्तनात" असा शेरा पडतो. वशिला चालत नाही. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने हेडवर असताना पाळी मोडण्याचा यत्न केला, तेव्हा त्याचा फोन दंड म्हणून एक दिवस कोरडा ठेवण्यात आला.

मिक्सरचे प्रकरण थोडक्यात सांगतो. स्वयंपाकाच्या बायांनी त्याची पाठ फिरताच शेंगदाण्याची चटणी वाटण्यासाठी पाचशे वॅटचा मिक्सर लावला, इन्व्हर्टरने मान टाकली, आणि हरिपाठ ऐन रंगात असताना दिवे गेले. अंधारात हरिपाठ खंडित झाला नाही. विणेकरी नंतर एवढेच म्हणाले, की तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली तेव्हाही मिक्सर नव्हता. याला सगळी दिंडी हसली; तो हसला नाही, कारण तो फ्यूज तपासत होता.

आता ढगांविषयी. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाकाठी पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आगेमागे. आषाढात सह्याद्रीवरून ढग येतात, दिवसेंदिवस डोक्यावर मुक्काम करतात आणि न बरसता सोलापूरकडे निघून जातात. अशा ढगाने शेत भिजत नाही आणि प्लेटही जागत नाही. सूर्य आणि वरुण या दोन्ही खात्यांत एकाच दिवशी तूट सोसणारा या पंचक्रोशीत हा एकटाच. त्यामुळे त्याची मनःस्थिती दोलायमान असते. इंदापूरच्या रिंगणात अश्व धावत असताना सगळे मैदानाकडे पाहत होते, हा पश्चिमेकडे पाहत होता. मग सरी आल्या. त्याने धावत जाऊन प्लेटा झाकल्या नाहीत, कारण पावसाने धूळ धुतली जाते हे त्याला ठाऊक आहे. त्याने गावाकडे फोन लावून बाजरीवर पाऊस पडला का एवढे विचारले, आणि पडला असे कळताच वहीतील सर्व फोनांचे आवर्तन आनंदाने तहकूब केले. ओरडा झाला, पण त्याने दाद दिली नाही. पाटकरी असला तरी तो मुळात जिरायती शेतकरी आहे.

येत्या आषाढात आपला फोन त्याच्याकडे द्यावयाचा असेल, तर सकाळी सहाच्या आत द्यावा, पाऊस पडलेल्या दिवशी देऊ नये, आणि वायर आपली आपण आणावी. वीज तो फुकट देतो; वायर कोणालाही देत नाही.