विलायती ॲट द रेट

न्हावा शेव्यात चाळीस फुटी कंटेनर अडवायचा असेल तर संप, वादळ, करळ फाट्याचा चक्का जाम असलं काही लागत नाही. एक अवतरणचिन्ह पुरतं.

द्रोणागिरीपासून भेंडखळपर्यंत ज्यांनी ज्यांनी सीएचएच्या, म्हणजे कस्टम हाउस एजंटच्या, कचेरीत रात्री बसून शिपिंग बिलं टाकली आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी सॉफ्टवेअरवाला रिमोटवर येतो. सर्व्हरचा पडदा लॉक होतो, आपण हात मांडीवर ठेवून बघत बसतो, ‘हो गया सर, चेक कर लो’ असा फोन येतो आणि स्वारी निघून जाते. रात्री जहाजाचा कटऑफ तोंडावर आलेला असताना आपण सर्व्हरवर पासवर्ड टाकतो. चुकीचा. पुन्हा टाकतो. चुकीचा. मग एका बोटानं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकतो. खातं लॉक.

आता हा पासवर्ड काही राजगुह्य नव्हे. देशातल्या यच्चयावत कचेऱ्यांचा असतो तोच आहे: कंपनीचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, मग ॲट द रेट, मग एक दोन तीन. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती आली तेव्हापासून एक दोन चार. तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला आहे. चहावाल्याला पाठ आहे. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मुलालाही पाठ आहे आणि तो आता समोरच्याच कचेरीत बसतो. म्हणजे हा पासवर्ड साऱ्या जगाला दिसतो, फक्त जो टाइप करतोय त्याला दिसत नाही. त्याला दिसतात ठिपके. आणि ठिपका असा सज्जन की चुकीचं अक्षर असो की बरोबर, तो सारखाच गोल.

बिघाड असतो तो त्या ॲट द रेटमध्ये. आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे. शिफ्ट धरून 2 दाबला की ॲट द रेट उमटतो. ब्रिटिश मांडणीत तिथं दुहेरी अवतरणचिन्ह बसतं आणि ॲट द रेट एंटरशेजारच्या कीवर जातो. रिमोट डेस्कटॉपची रीत अशी की आत येणारा आपल्या संगणकाची कीबोर्ड मांडणी बरोबर घेऊन येतो आणि सर्व्हर ती निमूट मान्य करतो. त्या सॉफ्टवेअरवाल्यानं लॅपटॉप घेतला तेव्हा भाषा विचारली गेली. शाळेत ‘कलर’मध्ये यू घालायला शिकवलेलं, म्हणून त्यानं ‘इंग्लिश, युनायटेड किंगडम’वर टिचकी मारली. तेव्हापासून तो जिथं जिथं जातो तिथं राणीचं राज्य मागं ठेवून येतो. त्याला स्वतःला हा त्रास का होत नाही? कारण तो पासवर्ड टाइप करतच नाही, कॉपी-पेस्ट करतो. पाहुण्यानं जाताना घराचं कुलूप बदलावं आणि स्वतः मात्र खिडकीतून ये-जा करत राहावं, तशातली गोष्ट.

त्याच विलायती मांडणीत शिफ्ट धरून 3 दाबून बघा. पौंडाचं चिन्ह येतं. आपल्या रुपयाला 2010 साली स्वतःचं चिन्ह मिळालं, नव्या कीबोर्डांवर ते 4 च्या कीवर छापूनही येतं, पण दाबल्यावर उमटतो डॉलर. छापलेला रुपया, उमटणारा डॉलर, आणि रिमोटवाला येऊन गेला की शेजारी पौंड. कुणाला आर्थिक धोरणावर लेख लिहायचा असेल तर एवढा कच्चा माल पुरे.

खातं लॉक झालं म्हणून तक्रार नोंदवायची. तक्रारीचा फॉर्म त्याच सर्व्हरवर, लॉक न झालेल्या दुसऱ्या खात्यातून उघडतो आणि पहिल्याच रकान्यात ईमेल पत्ता मागतो. ईमेलमध्ये काय असतं? ॲट द रेट. इथं ठिपके नाहीत, म्हणून ते अवतरणचिन्ह पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं, आणि खाली लाल अक्षरांत सूचना येते: कृपया वैध पत्ता द्या. मग फोन. फोनवर वाक्य ठरलेलं, ‘हमारे साइड से सब ओके है.’ या वाक्याला या देशात तोड नाही. वीज गेली तरी त्यांच्या साइडनं ओके, नेट बंद पडलं तरी ओके, आणि साइड म्हणजे नेमकी कुठली ते आजवर कुणी दाखवलेलं नाही. मग ते म्हणणार, सेटिंगमध्ये जाऊन ब्रिटिश कीबोर्ड काढून टाका. सेटिंगमध्ये जावं तर तो यादीतच नसतो. खाली टास्कबारवर दिसतो, यादीत नाही. नाव नसलेला काढणार कसा? उपाय ऐका: आधी तो रीतसर यादीत घालायचा आणि मग रीतसर काढायचा. जिवंत माणसाला हयातीचा दाखला मागणाऱ्या व्यवस्थेशी आपली ओळख जुनी आहे. तीच व्यवस्था आता यंत्रातही शिरली. बरं, कायमचा इलाज आहे. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत ‘इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट’ अशी एक नोंद करून तिला 1 ही किंमत द्यायची, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. पुढं बाहेरून येणाऱ्याची मांडणी आत शिरत नाही. काम पाच मिनिटांचं. पण त्याचे अधिकार ऑपरेटरला नसतात. ते ज्यांच्या साइडनं सब ओके आहे, त्यांनाच असतात.

इथवर हसून झालं. आता विचारा, भुर्दंड कुणाला? बंदराच्या गेटातून आत जायचा फॉर्म 13 निघाला नाही, गेट बंद झालं, कंटेनर पुढच्या जहाजाला गेला. ट्रेलरवाला रात्रभर गाडीत, त्याचं डिटेन्शन, म्हणजे खोळंब्याचं भाडं, वेगळं. सकाळी शेठ येऊन ओरडतात ते रिमोटवाल्यावर नव्हे, खुर्चीत बसलेल्या पोरावर: ‘तुला साधा पासवर्ड टाकता येत नाही?’ हा पोरगा इथल्याच गावांतला. 1989 साली सुरू झालेल्या ज्या बंदराला न्हावा आणि शेवा या गावांची नावं चिकटली, त्यासाठी शेव्याचा कोळीवाडा उचलून उरणजवळ बोरीपाखाडीला नेला. उरलेल्यांना सांगितलं, मिठागरं विसरा, कॉम्प्युटर शिका. शिकले. सर्टिफिकेटं लॅमिनेट करून ठेवली. आता त्यांच्या बोटांखालचा कीबोर्डही परस्पर बदलतो आणि वर अडाणी तेच ठरतात. पगारातून पैसे कापताना मात्र शेठची बेरीज कुठल्याही मांडणीत चुकत नाही. लाज वाटायला हवी, पण तिची की कुठल्याच कीबोर्डावर नाही.

तेव्हा ऑपरेटर बंधुभगिनींनो, तुमची तक्रार मार्गी लागेपर्यंत एवढं करा. पासवर्ड आधी युजरनेमच्या रकान्यात टाकून बघा, तिथं तो दिसतो. पाहून झाला की पुसा. विंडोज की धरून स्पेसबार दाबला की मांडणी बदलते. आणि पुढचा पासवर्ड ठेवाल तेव्हा ॲट द रेटचा नाद सोडून उद्गारचिन्ह वापरा. ते दोन्ही मांडण्यांत 1 च्याच कीवर आहे.