उंबरठ्यावरचा डाव

बुद्धिबळाचा डाव शेवटपर्यंत बसून बघणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. समोर दोन माणसे कपाळाला हात लावून बसलेली. मधेच एकजण उठून पाणी पिऊन येतो, तेवढीच काय ती हालचाल. 1989 साली बेलग्रेडमध्ये इव्हान निकोलिच आणि गोरान आर्सोविच यांचा डाव ज्यांनी पुरता पाहिला असेल, त्यांना तर पदकच द्यायला हवे होते. 269 खेळ्या, 20 तास 15 मिनिटे, आणि निकाल काय, तर बरोबरी!

2021 मध्ये दुबईत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा एक डाव 136 खेळ्या चालला. जगज्जेतेपदाच्या लढतींतला तो सर्वांत लांबलेला. बेलग्रेडचे दोघे त्या खेळीला जेमतेम मध्यंतरापर्यंत आले होते.

खरी गंमत शेवटच्या शंभरेक खेळ्यांची. पटावर दोन राजे. एकाकडे हत्ती आणि उंट, दुसऱ्याकडे नुसता हत्ती. असा डाव बहुधा बरोबरीतच सुटतो. पण उंटवाल्याला वाटते, समोरचा कधीतरी दमेल. त्यातून अठराव्या शतकात फिलिदोर नावाच्या फ्रेंच संगीतकाराने अशी एक स्थिती जिंकूनही दाखवलेली, म्हणजे आशेला शास्त्राधार! एरवी 50 खेळ्यांत काही मारले गेले नाही, प्यादे हलले नाही, की बरोबरी मागता येते. नेमकी याच मोहऱ्यांसाठी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने तेव्हा मर्यादा 100 वर नेली होती. मग काय विचारता! आपल्याकडे पाहुणे ‘येतो हं’ म्हणत चपला घालतात आणि पुढे तासभर दारातच बोलत उभे राहतात, तशातली गत.

माझा जीव मात्र एकट्या हत्तीवाल्यासाठी तुटतो. हल्ला करणाऱ्याला निदान स्वप्न तरी असते. याला मिळणार काय, तर अर्धा गुण. पंधरा खेळ्यांत हात मिळवून कॉफी प्यायला जाणाऱ्यांनाही तेवढाच मिळतो. तरी या गृहस्थाने शंभर खेळ्या आपला राजा जिवंत ठेवला. नेटाने, तक्रार न करता (निदान डाव लिहिलेल्या कागदावर तरी तक्रारीची नोंद नसते).

पुढे फिडेने ती सवलत काढून घेतली. कारणे शास्त्रीय असतील. मला मात्र त्यात पंचांच्या घरच्यांचा हात असावा, असा दाट संशय आहे.