पद्मिनीकाका

प्रत्येक जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गाडी कव्हराखाली असते आणि तिचे काका कव्हराबाहेर. दोघांनाही थंडीत खोकला येतो, दोघांनाही चढ सोसत नाही आणि दोघांपैकी कुणालाही सकाळी सकाळी हात लावला की अर्धा तास मोडतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली गाडी आहे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. रंग कागदोपत्री क्रीम. नंबरप्लेट एमएच-१२ च्या जन्माआधीची. काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचलेलं नाही. सगळे त्यांना पद्मिनीकाका म्हणतात.

या जातकुळीची माणसं गावोगाव आहेत. कुठे अँबेसिडर असते, कुठे स्टँडर्ड हेराल्ड, एखाद्या वाड्यात विलीज जीप. गाडी बदलते, काका तेच. बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, पॅंटच्या खिशात पिवळं फडकं. मुंजीत आशीर्वादाला हात उचलला तरी नखांत ग्रीस दिसतं. यांची भाषाही वेगळी असते. यांची गाडी जुनी नसते, ‘क्लासिक’ असते. ती बंद पडत नाही, ‘मिसिंग मारते’. पेट्रोल गळत नाही, ‘ओव्हरफ्लो होतं’. आणि ब्रेक लागत नाहीत असं तर कधीच होत नाही. ते ‘थोडे लांबून लागतात’.

आमच्या लेकीला अठरा पूर्ण झाली त्या संध्याकाळी काका पेढे घेऊन आले. पेढ्यांच्या पुड्यावर किल्ली ठेवलेली होती.

“पोरीची पहिली गाडी,” ते म्हणाले. “विकत नाही. चालवायला.”

हे दोन वर्षांपूर्वी झालं असतं तर मी घाबरलो असतो. पण सोळाव्या वर्षी तिने स्वतःच “काका, एक चक्कर” म्हणून गळ घातली होती, तेव्हा काकांनीच तिला कायदा ऐकवला होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. “कैदेचं एक वेळ चालेल,” काका म्हणाले होते, “पण वर्षभर नोंदणी रद्द? ती खचेल.” ती म्हणजे पद्मिनी.

आता लायसन्स हाती येणार होतं. आम्ही एक सेकंडहँड हॅचबॅक बघून ठेवली होती. हे ऐकल्यावर, घरच्या लग्नात रुखवतात विकतची चकली ठेवलेली पाहून आत्याबाईंचा होतो तसा काकांचा चेहरा झाला.

“प्लास्टिक शिकवणार तिला?”

मग त्यांनी बाजू मांडली. पहिला मुद्दा पत्रा. “आताचा पत्रा म्हणजे पापड. हिला ठोकून बघा.” मी ठोकून बघितलं. आवाज देवळातल्या घंटेच्या जवळ जाणारा होता. मी म्हटलं, “काका, नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळावा असाच बनवतात. धक्का पत्र्याने खाल्ला की माणसाला कमी बसतो. तुमचा पत्रा काहीच खात नाही. सगळं आतल्या माणसाच्या पानात वाढतो.” शिवाय सीटबेल्ट नाही, कारण नव्या गाड्यांत पुढच्या सीटला पट्टे सक्तीचे झाले ते १९९४ साली. एअरबॅग म्हणाल तर काकूंनी शिवलेली उशी आहे, ती पाठीमागे घ्यायची. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाण्यातून गेलं की तेही थोडा वेळ रजेवर.

“म्हणूनच!” काका म्हणाले. “ब्रेक लांबून लागतो म्हटल्यावर माणूस आधी विचार करतो. तुमच्या त्या एबीएसवाल्यांना विचार करायची सवयच राहिली नाही.”

दुसरा मुद्दा वेगाचा. इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं. त्यातले किती अश्व हयात आहेत, हा प्रश्न मी विचारला नाही. काकांचं म्हणणं, वेगच नाही तर पोरगी वाया जाणार कुठून? तिसरा मुद्दा मोबाइलचा. गाडीत स्क्रीन नाही, ब्लूटूथ नाही, चार्जर लावायला भोक नाही. चौथा चोरीचा. “स्टिअरिंगवरचा हाताचा गियर आहे. आजकालच्या चोराला ही पार्किंगमधून बाहेर काढता यायची नाही.” हा मुद्दा बिनतोड होता. खुद्द काकांनाही ती प्रत्येक वेळी काढता येत नाही.

मला वाटलं, आमच्या घरात हे प्रकरण लेकीच्या आईपाशी अडेल. पण हिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “घेऊ दे की. नळस्टॉपला बंद पडणारी गाडी रात्री अकराला लोणावळ्याला जात नाही.” सुरक्षिततेचा असा विचार कुठल्याही क्रॅश टेस्टवाल्याने केलेला नसेल.

काकांच्या प्रेमाला इतिहासाचा आधार आहे. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी ते सोलापूरला जातं, कारण वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना झाला, इटलीच्या फियाटची ‘अकराशे’ इथे बनायला लागली आणि सत्तरीच्या दशकात तिचं नाव झालं पद्मिनी. “चितोडच्या राणीचं नाव आहे,” काका सांगतात, “एक्सवाय झेड प्लस नाही.” मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच. ३० ऑक्टोबर २०२३ ला वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, त्या दिवशी काकांनी दाढी केली नाही.

सरकारच्या लेखी गाडीला दोन जन्म असतात. पंधरा वर्षं झाली की ती संशयित. दर पाच वर्षांनी तपासणी, फेरनोंदणी, वर पर्यावरण कर. पन्नास वर्षं झाली आणि मूळ रूपात असली की तीच ‘व्हिंटेज’. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. फक्त मग ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. काका २०३४ ची वाट बघताहेत. मी म्हटलं, “पण मग ती फक्त पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच बाहेर काढता येईल.” काका म्हणाले, “आत्ता तरी दुसऱ्या कशासाठी काढतो?”

पेट्रोलचंही एक दुखणं आहे. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंगना ते सोसत नाही. “आमच्या घराण्यात कुणी घेत नाही,” काका म्हणतात, “म्हातारपणी हिला पाजायला लागले.”

लायसन्स आलं. रविवारी सकाळी साडेसहाला पहिली शिकवणी ठरली. मी मागच्या सीटवर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी दार उघडायला शिकवतात, इथे बॉनेट. रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरीत पाणी, काठी काढून, पुसून, पुन्हा बुडवून ऑइल. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघायचा, वैद्य नाडी बघतो तसा. “आता चोक ओढ. अर्धा. अगं, अर्धा म्हणजे माझा अर्धा!” पेट्रोलचा वास आला. “ओव्हरफ्लो,” काका समाधानाने म्हणाले. “आता दहा मिनिटं थांबायचं. हे तुला ड्रायव्हिंग स्कूलवाले कधी शिकवणार नाहीत.”

दहा मिनिटांनी इंजिन घसा खाकरून बोलायला लागलं. पुढची सीट अखंड, एसटी स्टँडवरच्या बाकासारखी. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. लेक शिकलेली खालच्या गियरवर. तिचा डावा हात सवयीने खाली गेला आणि त्याने काकांचा थर्मास दुसऱ्या गियरमध्ये टाकला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकापुढे वेगळा ब्रेक असतो. काकांपुढे फक्त पायपुसणं होतं. प्रत्येक वळणावर काका ते जिवाच्या आकांताने दाबत होते.

नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी बंद पडली. हिरवा लागला. मी मागे बसल्या बसल्या डोळे मिटले, कारण पुण्यात हिरवा लागल्यावर पाव सेकंद थांबलेल्या माणसाची काय गत होते, ते मला ठाऊक आहे. पण हॉर्न वाजला नाही. शेजारच्या भल्या मोठ्या एसयूव्हीची काच खाली आली. “आमच्या बाबांकडे होती. निळी,” आतला गृहस्थ म्हणाला. पलीकडचा स्कूटरवाला म्हणाला, “आमच्या मामांकडे. महाबळेश्वरला नेली होती, बारा जण.” वाहतूक पोलीस तोंडातली शिट्टी काढत आला आणि त्याने लायसन्स मागितलं नाही, “कितीचं मॉडेल?” एवढंच विचारलं. मग तिघांनी मिळून गाडी बाजूला ढकलली आणि जाताना काकांना नमस्कार केला. काकांनी तो राजघराण्यातल्या माणसासारखा घेतला.

गंमत अशी की गाडी आपणहून बंद पडली नव्हतीच. लेकीने क्लच घाईने सोडला होता. चूक शंभर टक्के तिची होती आणि नाव गेलं गाडीवर. क्लासिक गाडी पहिली गाडी म्हणून बरी की वाईट या वादात मला पटलेला हा एकमेव मुद्दा, आणि तो काकांनी मांडलेलाच नाही. हॅचबॅक बंद पडली की लोक शिव्या देतात. पद्मिनी बंद पडली की आठवणी सांगतात. शिकाऊ माणसाला याहून मोठं संरक्षण कुठला विमा देणार?

परतताना चढावर गाडी खरोखर तापली. काकांनी पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या अंगचा जो छोटा पंप असतो त्याच्यावर, ओलं फडकं टाकलं आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. बशीत चहा ओतता ओतता लेकीने विचारलं, “काका, तुम्ही शिकलात तेव्हा ही केवढी होती?”

“केवढी म्हणजे? कोरी करकरीत! सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.”

“म्हणजे तुमची पहिली गाडी नवीन होती.”

काका बशी तोंडाशी नेता नेता थांबले. मीही थांबलो. इतके दिवस मी पत्रा, पट्टे, ब्रेक घेऊन भांडत होतो आणि हे साधं गणित मला सुचलं नव्हतं. त्या पिढीत क्लासिक गाडीवर कोण शिकलं? जो तो मिळेल त्या नव्यातल्या नव्या गाडीवर शिकला. तिला क्लासिक त्यांनी केली, न विकता.

“माझी कुठली?” काका जरा वेळाने म्हणाले. “दादांची. नंबर लागायची वाट बघण्यात त्यांची सहा वर्षं गेली. घरी आली तेव्हा मी अठराचा. मला पुसायला मिळायची. रोज. आतून, बाहेरून. स्टिअरिंग हातात आलं ते एकोणनव्वद साली, तेही दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून.” त्यांनी चहा संपवला, पिवळं फडकं काढलं आणि मिशी पुसली. त्याच फडक्याने, सवयीने, टपरीचं बाकडंही पुसलं.

पाच वर्षं नुसती गाडी पुसलेला माणूस शेजारच्या पोरीला अठराव्या वर्षी थेट किल्ली देतो, एवढं त्या दिवशी मला कळलं. त्या दिवसापासून मी पत्र्याचा विषय काढलेला नाही.

तरीही हॅचबॅक आम्ही घेतलीच. दोन एअरबॅगा, एबीएस, पट्टा लावला नाही तर किंचाळणारी. रोजच्या कॉलेजला तीच. पद्मिनी रविवारची. काकांनी हॅचबॅकच्या पत्र्यावर दोनदा टिचकी मारली, “पापड” म्हणाले आणि वर गेले. हा विषय तिथेच मिटेल असं वाटलं होतं.

पण पद्मिनीचे पार्ट मिळतात नाना पेठेत, नाहीतर रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात, आणि ते आणायला जाताना पद्मिनी उपयोगाची नाही, कारण ज्याअर्थी पार्ट हवाय त्याअर्थी ती हललेली नाही. म्हणून आता दर बुधवारी लेक हॅचबॅक काढते आणि काकांना शेजारी बसवून नाना पेठेत नेते. काका एसी पायाकडे वळवून घेतात, मांडीवर कार्बोरेटर तान्ह्या बाळासारखा धरतात आणि प्रत्येक सिग्नलला पायाखालचं मॅट दाबतात.

परवा मीही मागे होतो. सिग्नल हिरवा झाला, लेकीचा क्लच जरा चुकला, गाडी गचका खाऊन बंद पडली आणि मागच्या सातही गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवला.

काकांनी मान वळवून मागे पाहिलं, मग माझ्याकडे. “बघा,” ते म्हणाले, “म्हणून म्हणत होतो. हिला कुणी मान देत नाही.”