राजीनामेवाले अण्णा

भोसरी असो की अंबड, एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्यात एक अण्णा असतातच. आमचे अण्णा स्टोअर्सला. पेन नसेल खिशात, पण राजीनामा असतो.

"लाचार नाही आपण! आत्ता नेऊन टेबलावर आपटतो!" चहाच्या पहिल्या फेरीला ही गर्जना ठरलेली. कारण कुठलंही चालतं. साहेबांनी नमस्कार घेतला नाही, दिवाळीचा पुडा अकाउंट्सवाल्यांच्या पुड्यापेक्षा हलका निघाला, किंवा नव्या पोराने 'अण्णा' सोडून 'काका' म्हटलं.

मध्यंतरी एचआरने भावनिक बुद्धिमत्तेचं ट्रेनिंग ठेवलं. त्यावरचं डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं 1995 साली. अण्णा त्याआधीपासून साहेबांच्या गाडीचं दार कसं लागलं यावरून मूड सांगतात. "आज रजेचा अर्ज नको. घरी मेव्हणा आलाय." त्यांचा राजीनामाही साहेब टूरवर असले की मगच खिशातून बाहेर निघतो.

ट्रेनिंग घेणाऱ्या बाईंनी मेयर आणि ॲलन यांची बांधिलकीची तीन रूपं समजावली: जीव जडला म्हणून टिकणारे, सोडण्यात तोटा म्हणून टिकणारे आणि मिठाला जागायचं म्हणून टिकणारे. अण्णांनी हात वर केला, "आणि जातो जातो म्हणत टिकणारे?" बाईंनी स्लाइड पुढे सरकवली.

अण्णांना ग्रॅच्युइटी तोंडपाठ. शेवटचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. दर एक तारखेला हिशेब मांडून म्हणतात, "अजून एक वर्ष काढलं तर बरं पडेल." मात्र रविवारी रात्री मशीन बंद पडून फोन गेला, तर पलीकडून झोपेतच उत्तर येतं, "तिसरा रॅक, डावीकडे, निळा डबा. बेअरिंग मोजून घ्या आणि स्लिपवर सही करा!"

गेल्या महिन्यात नवे साहेब आले. बिचाऱ्यांना रीत माहीत नव्हती. अण्णांची गर्जना ऐकून त्यांनी सरळ हात पुढे केला, "द्या." स्टोअर्स गार. अण्णांनी घड्या विरलेला कागद दिला. साहेबांनी वाचला.

"अहो, यावर तारीख 2009 ची आहे. नावही भलत्याच साहेबांचं."

अण्णा डगमगले नाहीत. "अपमान तोच आहे, फक्त साहेब बदललेत. आणा इकडे, दुरुस्त करून देतो."

तेवढ्यात गेटवर मालाचा ट्रक लागला. अण्णा कागद खिशात कोंबून चलन तपासायला पळाले. दुरुस्ती अजून चालू आहे.